आजार लागला तो क्षण

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



विषय कळवा म्हणून वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला, तेव्हा मी ‘ज्योतिष आणि आजार’ असे सांगितले. पलीकडून लगेच प्रश्न आला, ‘बाजूनं बोलणार की विरोधात?’ प्रश्न रास्त आहे. या विषयावरच्या भाषणाला माणूस येतो तोच मनाशी निकाल लावून. पण ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेच्या फळ्यावर रोज तिथी, वार, नक्षत्र लिहीत आणि वर्गातल्या पोराला हीव भरले की त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्वतः दवाखान्यात आणीत. या दोन गोष्टींत त्यांना भांडण दिसत नसे. मला दिसते, आणि ते नेमके कुठे आहे एवढेच आज सांगायचे आहे.

माझी नोकरी प्रयोगशाळा तंत्रज्ञाची. रक्ताच्या काचा रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, नोंदवहीत लिहायचे. घरी मात्र वडील पत्रिका मांडत. त्यामुळे आजारी माणसाचे नातेवाईक मी दोन्ही ठिकाणी पाहिले आणि दोन्हीकडे त्यांचा प्रश्न एकच असे. एटापल्लीकडची एखादी बाई पोराला मांडीवर घेऊन विचारी, ‘किती रोज लागतीन जी?’ काय झाले, कशाने झाले हे नंतर. आधी मुदत. डॉक्टर म्हणत, ‘बघू.’ पत्रिकेवाला आकडा सांगे. माणसे पत्रिकेवाल्याकडे का जातात याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते सरळ मांडतो, कारण टीका करणाऱ्यांनीही ते नीट वाचलेले नसते. पत्रिकेत सहावे स्थान रोगाचे, शत्रूचे आणि कर्जाचे. तिन्ही एकाच घरात ठेवणारा माणूस व्यवहार जाणणारा असला पाहिजे. आठवे स्थान आयुष्याचे आणि मृत्यूचे, बारावे खर्चाचे आणि अंथरुणाचे. हल्लीचे ज्योतिषी त्यातच इस्पितळही घालतात. येऊन जाणारे दुखणे सहाव्यावरून, चिवट दुखणे आठव्यावरून पाहायचे. मग ग्रह. मंगळ रक्ताचा, तापाचा, शस्त्राचा आणि अपघाताचा. तो अचानक येतो. शनी सांध्यांचा, वाताचा, क्षीणतेचा. तो येतो हळू आणि जातो त्याहून हळू. राहूकडे विष आणि निदान न होणारे सगळे. चंद्राकडे मन आणि शरीरातले पाणी. बारा राशी म्हणजे कालपुरुषाचे शरीर, मेष डोके आणि मीन पावले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात हे मांडले आहे.

अचानक आजार मंगळाचा आणि दीर्घ आजार शनीचा, ही वाटणी कुठून आली ते आकाशाकडे पाहिले तर कळते. मंगळ लाल दिसतो आणि सुमारे ६८७ दिवसांत फेरी पुरी करतो. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, एका राशीत तो अडीच वर्षे बसतो. ज्याची चाल मंद त्याचा आजार लांबट. अनुभवाच्या राशीतून निघालेला हा निष्कर्ष नव्हे. जे डोळ्यांना दिसले ते शरीरावर ठेवून दिले आहे. तरी त्यात एक प्रकारची सुसंगती आहे, आणि ती लोकांना पटते.

पत्रिका नसेल तरी मुदत सांगण्याची सोय आहे. इ.स. १६०० मध्ये काशीत राम दैवज्ञाने ‘मुहूर्तचिंतामणी’ हा ग्रंथ लिहिला. आपल्याकडची बरीच मुहूर्तविद्या त्याच्यावर उभी आहे. त्याच्या नक्षत्र प्रकरणात तापाचा हिशेब दिला आहे. ताप ज्या दिवशी आला त्या दिवशीचे चंद्रनक्षत्र पाहायचे. अश्विनी, कृत्तिका किंवा मूळ असेल तर नऊ दिवस. रोहिणी, पुनर्वसू, पुष्य, उत्तरा फाल्गुनी, उत्तरा भाद्रपदा असेल तर सात. भरणी, चित्रा, श्रवण, शततारका असेल तर अकरा. हस्त, विशाखा, धनिष्ठा पंधरा, मघा वीस, मृग आणि उत्तराषाढा महिनाभर. अनुराधा आणि रेवतीवर आलेला ताप ठाण मांडून बसतो. आणि आर्द्रा, आश्लेषा, तिन्ही पूर्वा, स्वाती, ज्येष्ठा या सात नक्षत्रांवर ताप आला तर मृत्यू.

वडिलांच्या पोथीत या पानाचा कोपरा बोटांनी काळा पडला होता. फार वापरले गेलेले पान.

आता हिशेब करू. २७ नक्षत्रांपैकी सात मरणाची. म्हणजे चार तापांतला एक जवळजवळ जीव घेणारा. इतके मरण आपल्या गावांत पटकी-देवीच्या साथीतही दरवेळी आले नसेल. मग पान चालत कसे राहिले? कारण बाकीचे आकडे चतुर आहेत. साधा ताप सात, नऊ, अकरा दिवसांत आपल्या पायांनी निघून जातो. गेला की पोथी खरी ठरते. न गेला तर शांत करायला दुसरा ग्रह सापडतो. तो नेहमीच सापडतो, हेही सांगतो. विंशोत्तरी दशेची एकूण वर्षे १२०. त्यात शनीची १९, राहूची १८, मंगळ आणि केतूची सात-सात. म्हणजे ५१ वर्षे दशेचा स्वामीच पापग्रह, आणि अंतर्दशा धरल्या तर सुटका नाही. साडेसाती एका वेळी तीन राशींना चालू असते. चौथा आणि आठवा शनी धरला तर आणखी दोन राशी. बारांपैकी पाच राशींची माणसे कायम शनीच्या तावडीत. या सभागृहात आत्ता जेवढे बसले आहेत त्यांतल्या कितीकांचा हिशेब ग्रहांकडे आधीच उघडा आहे, ते ज्याने त्याने बोटांवर मोजावे.

ज्योतिषाची परीक्षा झालेली आहे. ती महाराष्ट्रातच झाली, म्हणून तिची आठवण ठेवायला हवी. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. १०० हुशार विद्यार्थी, १०० मतिमंद मुले. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्याने एवढेच सांगायचे की हे मूल यातले कोणते. ५१ ज्योतिषांनी पत्रिका नेल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ मध्ये छापून आले. जन्मभर सोबत राहणारी, दीर्घ म्हणावी अशी याहून मोठी अवस्था कोणती? ती पत्रिकेत दिसली नाही. या प्रयोगात मला आवडते ते असे की त्यात कुणाची टिंगल नाही. घाटपांडे स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले.

पण आकडेवारीने माणूस हलत नाही, हे मी नोकरीत शिकलो. म्हणून दुसऱ्या बाजूने येतो. पत्रिकेला एक क्षण लागतो. जन्माचा, प्रश्नाचा किंवा आजार सुरू झाला तो. क्षण नसेल तर कुंडली मांडताच येत नाही. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतले आजार असे आहेत की त्यांना सुरुवातीचा क्षणच नाही.

हिवतापापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात त्याचे सगळ्यात मोठे ठाणे गडचिरोलीच. बोटाला टोचून काचेवर एक जाड ठिपका घ्यायचा, एक पातळ पसरवायचा. तो पातळ थर मिथेनॉलमध्ये बुडवायचा, मग जे.एस.बी.चे दोन रंग, निळा आणि लाल. सुकवून तेल टाकून भिंगाखाली धरले की तांबड्या पेशीत नाजूक अंगठी दिसते, तिच्यावर एक लाल ठिपका. फाल्सिपेरम असेल तर, आम्ही त्याला पीएफ म्हणतो, काही दिवसांनी त्याच रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू दिसू लागतात. ज्योतिषाचा चंद्र मला एवढाच भेटला. तर, हा पीएफ. माणूस सकाळी शेतात गेला, संध्याकाळी बेशुद्ध. गाव म्हणते अचानक झाले, बाहेरचे लागले. पण डास चावला त्याला दहा-बारा दिवस होऊन गेलेले असतात. तेवढे दिवस जंतू आधी यकृतात, मग रक्तात वाढत होते आणि माणूस धानाच्या बांधीत कामाला जात होता. आता कोणत्या क्षणाची कुंडली मांडायची? हीव भरले त्या दिवशीचे नक्षत्र आजाराला दहा दिवस उशिरा पोचले आहे. व्हायवॅक्स तर आणखी लबाड. तो यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या त्या त्याच्यासाठी. ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणारे आपले लोक त्याला बिऱ्हाड करून देतात.

साथीचा प्रश्न आपल्या जुन्या वैद्यांनाही पडला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळे, मग एकाच रोगाने गावेच्या गावे एकदम कशी ओस पडतात? पत्रिकावाल्याला हा प्रश्न अवघड आहे, कारण गावातल्या शंभर माणसांच्या पत्रिका शंभर. आत्रेयांचे उत्तर असे की हवा, पाणी, देश आणि काळ हे चार सगळ्यांचे सामायिक असतात. ते बिघडले की सगळे आजारी पडतात. ग्रह-नक्षत्रांची विकृतीही ते नोंदवतात, पण लक्षण म्हणून. याच अध्यायात पुढे आयुष्य आधीच ठरलेले असते का याची चर्चा आहे. तसे असते तर कोणी औषध घेतले नसते आणि माजलेल्या हत्तीसमोरून कोणी बाजूला झाले नसते, असा युक्तिवाद तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा ग्रंथ आजच्या राशिभविष्याच्या सदरापेक्षा धीट आहे. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळशाच्या धुळीत श्वास घेणाऱ्यांनी आणि वरोऱ्याकडे फ्लोराइडचे पाणी प्यायलेल्यांनी तो अध्याय जरूर वाचावा. हवा आणि पाणी ही पहिली दोन नावे तिथेच आहेत.

झटक्याने येणाऱ्या हृदयविकाराबद्दल डॉ. अभय बंगांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. झटका मिनिटांत येतो, पण त्याची तयारी वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांत चाललेली असते. तिथेही मंगळ आणि शनी वेगळे काढता येत नाहीत. पुस्तक घराघरांत आहे, म्हणून पुढे जातो.

सर्पदंश हा एक आजार मात्र खरोखर क्षणाचा आहे, आणि नेमका तिथेच पंचांग बघायला वेळ नसतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास. चावलेला माणूस आधी मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडे, मग राहूच्या शांतीसाठी आणखी कुणाकडे, असा फिरत राहिला तर लस असूनही उपयोग नसतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट घातले आहे की साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. ज्योतिषाचा सल्ला देणे मात्र त्या कायद्याने गुन्हा ठरवलेले नाही. पुष्कळांना ही त्रुटी वाटते. मला ती वाटत नाही, आणि का ते सांगतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बाया-माणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात. गावाला कारण हवे होते, आणि कारण म्हणून माणसे सापडली. शनीचे एक बरे आहे. तो दूर आहे. त्याला कोणी खांबाला बांधत नाही. घरातल्या दुखण्याचे खापर सव्वाशे कोटी किलोमीटरवरच्या ग्रहावर फुटले, तर शेजारची विधवा तरी वाचते. दोन्ही समजुती खोट्या असतील, पण एकीत तेलाची वाटी रिकामी होते आणि दुसरीत माणसाचे हातपाय मोडतात. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने गावात प्रबोधनाला जाऊ नये.

अर्थात शनी असा नेहमीच निरुपद्रवी राहिला नाही. त्याच्यामागे पूर्वजन्म उभा असतो, आणि तो थेट रोग्याला पकडतो. चौदाव्या शतकातला ‘वीरसिंहावलोक’ हा ग्रंथ एकेका रोगाचा विचार तीन अंगांनी करतो : ग्रहयोग, पूर्वजन्मीचे कर्म, आणि मग औषध. औषध आहे, ही त्यातली जमेची बाजू. पण महारोगाच्या बाबतीत समाजाने पहिली दोनच पाने वाचली. बृहज्जातकात कुष्ठाचे योग आहेत. कर्मविपाकाच्या पोथ्यांत कुष्ठ हे महापातकाचे फळ. हातापायाची बोटे झडलेला माणूस त्यामुळे नुसता आजारी राहिला नाही, तो आरोपी झाला. वाळीत टाकणाऱ्यालाही वाटे की आपण देवाच्याच निकालाची अंमलबजावणी करतो आहोत.

त्या निकालाविरुद्धचे सगळ्यात मोठे अपील आपल्या वरोऱ्याला दाखल झाले. बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये आनंदवन सुरू केले ते सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांवर. त्याआधी कलकत्त्याला स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. बहुतेक माणसांना होतच नाही, त्यांचे शरीर त्या जंतूला पुरून उरते. हा जंतू हॅन्सनने नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला. शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा उमटेपर्यंत त्याला दोन ते पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. पुन्हा तोच प्रश्न : आजार लागला तो क्षण कोणता? रोग्यालाही तो सांगता येत नाही. मुदत मात्र आता सांगता येते. चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने, बहुविध औषधोपचार, सरकारी दवाखान्यात फुकट. शनीची महादशा एकोणीस वर्षांची. बारा महिन्यांची मुदत आपण एकोणीस वर्षांइतक्या ठामपणे सांगत नाही, ही आमच्या खात्याची लाज आहे. चट्ट्याला बधिरता आली का एवढे तपासून ‘बारा महिन्यांत बरा होशील’ असे त्याच दिवशी, त्याच्या बायकोसमोर सांगितले की निम्मी माणसे शांती-बिंतीच्या नादी लागत नाहीत.

आता मार्कंड्याला जाऊ. महाशिवरात्रीला आपल्यापैकी कित्येक चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या त्या वाळूत चालले असतील. कथा सगळ्यांना पाठ आहे. मृकंडूला वर मिळाला तो निवडीचा, मंद पण दीर्घायुषी मुलगा की गुणी पण सोळा वर्षांचा? त्याने सोळा वर्षांचा मागितला. सोळावे सरताना यम आला आणि मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली. अल्पायु योग म्हणतात तो हाच. गंमत अशी की आपण ज्याच्या नावाच्या जत्रेला जातो तो योग खोटा ठरलेला मुलगा. जत्रेत कोणी यमाच्या बाजूने नवस बोलत नाही.

लहान मुलांच्या मरणासाठी ज्योतिषात स्वतंत्र प्रकरण आहे, बालारिष्ट. चंद्र सहाव्या-आठव्या-बाराव्या स्थानी पापग्रहांनी पाहिलेला असेल तर मूल जगत नाही, असे त्यात शेकडो योग. मुले खरोखरच फार मरत, म्हणून हे प्रकरण एवढे वाढले असावे. १९९५ ते ९८ या काळात शोधग्रामच्या ‘सर्च’ या डॉ. बंगांच्या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत काय केले ते आता जगभर शिकवतात. गावातल्याच बाईला शिकवले. तिने नवजात बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचे, बाळ गुंडाळून ऊबदार ठेवायचे, जंतुदोष ओळखायचा आणि गरज पडली तर घरातच प्रतिजैविक टोचायचे. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये ते छापले, आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. त्या तीन वर्षांत वैनगंगेच्या या भागावरून जाणारा चंद्र काही वेगळ्या वाटेने गेला नव्हता. ३९ गावांत आणि ४७ गावांत तो सारखाच उगवत होता. बालारिष्टाबद्दल याहून जास्त मला काही बोलायचे नाही.

इथे कोणी म्हणेल, आमच्या जंगलातल्या माणसांकडे पत्रिका असतेच कुठे? खरे आहे. गोंड-माडियांची सोयरीक ग्रहांवर ठरत नाही, देवांच्या संख्येवर ठरते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच देवसंख्येत लग्न नाही. त्यांना आकाश माहीत नाही असेही नव्हे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी सुमारे पंधरा गोंड गावांत फिरून आकाशाबद्दल विचारले, तेव्हा आपल्या सप्तर्षींच्या जागी त्यांना बाज, म्हणजे खाट, आणि तिच्यामागचे चोर ऐकायला मिळाले. गोष्टी सांगण्याचे आकाश ते, शिक्षा सुनावण्याचे नव्हे. साडेसाती आता तिथे मोबाईलवरून पोचू लागली आहे. पुजाऱ्याच्या कोंबड्यापेक्षा ती महाग पडते एवढेच.

पत्रिका आणि देवसंख्या, दोन्ही जिथे हरतात तो आजार शेवटी घेतो, कारण माझ्या हातून सगळ्यात जास्त नळ्या त्याच्याच गेल्या. सिकलसेल. पूर्व विदर्भात तो गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे, बौद्ध, तेली, कुणबी समाजांतही आहे. चाचणी पाहण्यासारखी असते. नळीत द्रावण घ्यायचे, त्यात रक्ताचा थेंब, आणि पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त चांगले. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर सिकल आहे. वाहक की ग्रस्त हे या नळीने कळत नाही, त्यासाठी नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. कितीदा तरी रेघा बुडताना मागे उभ्या बापाचा चेहरा मला दिसत असे. त्याला कागदाचा अर्थ माहीत नसे, पण माझ्या मानेवरून कळे.

हा आजार दीर्घ म्हणाल तर जन्मापासून, अचानक म्हणाल तर दर काही महिन्यांनी. पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिनी तुंबते आणि हाडे ठणकू लागतात. थंडीत नदीवर अंघोळ केली, चंद्रपूरच्या मे महिन्यात पाणी कमी प्यायले, ताप आला, की झटका. मंगळ आणि शनी एकाच घरात. आणि सुरुवातीचा क्षण? तो पोराच्या जन्मवेळेत नाही. आईकडून एक जनुक आणि बापाकडून एक, गर्भ राहिला तेव्हाच ते ठरले. आणि आई-बापाकडे ते कित्येक पिढ्यांपासून होते. का होते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसनने आफ्रिकेत दाखवले. एकच सदोष जनुक असलेल्या मुलाला फाल्सिपेरमचा जीवघेणा हिवताप फार कमी होतो. ज्या जंगलात पीएफ, त्या जंगलात सिकल. माझ्या दोन्ही नोंदवह्या, काचेची आणि नळीची, एकाच इतिहासाच्या होत्या.

लग्न जुळवताना आपण ३६ गुण मोजतो. त्यातले सगळ्यात जास्त, आठ, नाडीचे. वधूवरांची नाडी एक आली तर संततीला धोका, म्हणून सोयरीक मोडते. हल्ली काही ज्योतिषी सांगतात की नाडी म्हणजे रक्तगट, म्हणजे जनुके. तसे काही नाही. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून निघते, आणि २७ नक्षत्रे तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याची नाडी वेगळी येऊ शकते, गुण तीस जुळू शकतात, आणि तरी प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के राहते. वाहक असण्याची ५०, पूर्ण निरोगी असण्याची २५. हे प्रत्येक खेपेला नव्याने. पहिले मूल ग्रस्त झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक करतात, तो चुकीचा आहे. आणि एक जण वाहक, दुसरा पूर्ण निरोगी, अशा जोडप्याचे एकही मूल ग्रस्त होत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा असा त्याचा बेत आहे. तपासणी झाली की कार्ड मिळते. साक्षगंधाआधी दोघांची कार्डे समोर ठेवा, असे आम्ही गावोगाव सांगत आलो. पण गेल्या काही वर्षांत त्या कार्डाचे जे होऊ लागले आहे ते मला पत्रिकेच्या धंद्याइतकेच खुपते. वाहक मुलीचे कार्ड घरचे लपवतात, जसा पूर्वी मंगळ लपवत. पाहुणे मुलीचे कार्ड मागतात, मुलाचे दाखवत नाहीत. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिला झटके येत नाहीत, ती धान रोवू शकते, नोकरी करू शकते, तिचे बाळंतपण इतरांसारखे होते. नवरा वाहक किंवा ग्रस्त नसेल तर तिच्या वाहक असण्याने कोणतेही मूल सिकलग्रस्त होत नाही. मग तिच्या कार्डाला दोष का चिकटतो? कारण जुळवण्याची आपली जुनी रीत मुलीतच खोट शोधायला शिकवते. ती रीत पोथीतून उठून कार्डावर येऊन बसली.

आणि दोघेही वाहक निघाले तर? लग्न करूच नये असे कोणी सांगणार नाही. गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना तपासणी होते, समुपदेशक असतात, आणि मूल ग्रस्त जन्मले तरी हायड्रॉक्सीयुरियाने झटके कमी होतात, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या असतात, पाणी भरपूर प्यायचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचा दाखला काढून ठेवावा, तो उपयोगी पडतो.

माझ्या नोंदवहीत तपासायला आलेल्या मुलींची नावे दोन-दोन पाने भरून असत. लग्नाआधी स्वतःहून आलेल्या मुलग्यांना अर्धे पान पुरे. या सभागृहात लग्नाच्या वयाचे बरेच तरुण मागच्या रांगांत उभे आहेत. तुम्ही तपासणी केली आहे का, हा प्रश्न मी आत्ता जाहीरपणे विचारत नाही. उपजिल्हा रुग्णालयात ती होते, पैसे पडत नाहीत, बोटाला एकदा टोचतात. जाताना एकट्याने जायची लाज वाटत असेल तर दोघे-चौघे मिळून जा. माझे एवढेच. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता तुमचे प्रश्न घेऊ; पत्रिका पाहण्याची विनंती मात्र करू नये, वडिलांची पोथी घरीच आहे.